वेग वाढवला म्हणता, पण आम्ही मागितला कधी होता?

श्रीवर्धन तालुक्यातल्या अनेक घरांत गेल्या काही महिन्यांत एकाच धाटणीचे मेसेज आले. अभिनंदन, तुमच्या प्लॅनचा वेग वाढवण्यात आला आहे. मेसेजच्या तळाशी आणखी एक ओळ होती: नवा दर पुढच्या रिचार्जपासून लागू, जुना प्लॅन बंद. कुणी विचारले नाही, कुणाची संमती घेतली नाही. तीसचे पन्नास एमबीपीएस झाले आणि महिन्याचे बिल शे-दीडशे रुपयांनी वर गेले.

या वाढीवर लोक काय म्हणतात ते आम्ही तालुक्यात फिरताना ऐकले. हरिहरेश्वर आणि दिवेआगरचे होमस्टेवाले खूश आहेत. पर्यटक खोली बघायच्या आधी वायफाय आहे का विचारतो, तेव्हा त्यांना जास्त वेग हवाच होता. त्यांची गरज खरी आहे, आमची त्यांच्याविषयी तक्रार नाही. श्रीवर्धन शहरातला पगारदार माणूस कुरकुरतो आणि भरतो. आणि बौद्धवाडीतली, कोळीवाड्यातली, आदिवासीवाडीतली घरे? त्यांतली बरीच काहीच बोलत नाहीत. ती लाईन काढून टाकतात. राउटर परत जातो, भिंतीवर दोन खिळे राहतात.

लाईन काढून टाकणे हीसुद्धा ग्राहकाची प्रतिक्रिया आहे. पण ज्याने लाईन काढली तो ग्राहक राहत नाही आणि जो ग्राहक नाही त्याचे मत कुणी विचारत नाही. जे उरले त्यांचीच मोजदाद होते. मग ग्राहकांनी वेगवाढीचे स्वागत केले असे सांगायला कंपन्या मोकळ्या. ज्यांच्या वाडीपर्यंत वायर कधी आलीच नाही, ते तर या हिशेबात कुठेच नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. बहुजनांच्या घराला पन्नास, शंभर, तीनशे एमबीपीएसची घाई नाही. त्याला कमी दराची, न तुटणारी आणि तुटलीच तर तीन दिवसांत जोडली जाणारी साधी लाईन हवी आहे. वेगवाढीच्या नावाखाली हीच खालची पायरी काढून घेतली जात आहे आणि सरकार ते बघत बसले आहे.

हा प्रकार नवा नाही. २००५ साली बीएसएनएलने घरगुती ब्रॉडबँड आणले तेव्हा वेग होता २५६ केबीपीएस. महिना २५० रुपयांच्या घरगुती प्लॅनमध्ये ४०० एमबी डेटा मिळे, त्यापुढे दर एमबीला वेगळे पैसे. १ जानेवारी २००७ पासून त्याच दरात २ एमबीपीएसपर्यंत वेग मिळू लागला. देशभर कौतुक झाले. आता हिशेब करा. २५६ केबीपीएसने ४०० एमबी संपायला सलग साडेतीन तास लागतात. २ एमबीपीएसने तेच ४०० एमबी अर्ध्या तासाच्या आत संपतात. नळ रुंद झाला, हंडा तेवढाच राहिला, आणि हंड्याबाहेर गेलेल्या प्रत्येक थेंबाचे बिल लागले. मोठा हंडा परवडणाऱ्याला ती वाढ खरोखर फुकट होती. ज्याने सगळ्यात लहान हंडा घेतला होता त्याला ती सगळ्यात महाग पडण्याची सोय होती.

आज डेटाची मर्यादा मोठी झाली आहे. अडचण आता दारातच आहे. ५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओ फायबर आले तेव्हा सगळ्यात स्वस्त प्लॅन ६९९ रुपयांचा होता, वेग १०० एमबीपीएस. वर्षभराने, १ सप्टेंबर २०२० पासून, ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा प्लॅन आला आणि एअरटेलनेही ४९९ रुपयांत ४० एमबीपीएस देऊ केले. टाळेबंदी होती, मुले घरात होती, कामे घरात होती. नवे ग्राहक हवे होते तेव्हा कंपन्यांनी वेग कमी केला, दर खाली आणला आणि दार उघडले. म्हणजे कमी वेगाची, कमी दराची लाईन देता येते, हे कंपन्यांनीच सिद्ध केले आहे. मग आता खालचा प्लॅन बंद करून सगळ्यांना वर ढकलायचे कारण काय? प्रत्येक ग्राहकामागे सरासरी किती रुपये मिळतात या एका आकड्यावर कंपनीची किंमत ठरते. गरीब ग्राहक गेला तर तो आकडा खाली येत नाही, उलट वर जातो. आपल्या माणसाचे जाणे त्यांच्या ताळेबंदात प्रगती म्हणून दिसते.

आता सरकारचा वाटा बघू. इंटरनेटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी आहे. ३९९ रुपयांचा प्लॅन हातात पडतो तो ४७१ रुपयांना. ५९९ चा पडतो ७०७ रुपयांना. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये धरली आहे. पहिल्या बिलाला दीड दिवसाची मजुरी जाते, दुसऱ्याला सव्वादोन दिवसांची. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, कारण पुस्तक ज्ञानाचे साधन आहे. मग ज्या वायरीतून मुलगी अकरावीचा अभ्यास करते, शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, ती वायर काय चैनीची वस्तू आहे?

सरकारनेच ती गरजेची केली आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन. शेतकऱ्याची ई-पीक पाहणी मोबाइलवर. रेशन कार्डाला ई-केवायसी. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींनाही ई-केवायसी बंधनकारक झाली. या सगळ्याची मुदत असते आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात वेबसाइट रांगते, हे सगळ्यांना माहीत आहे. घरात लाईन असेल तर मुलगी रात्री अकराला उठून अर्ज भरते. नसेल तर सकाळची एसटी, श्रीवर्धन किंवा बोर्ली पंचतनच्या दुकानातली रांग, अर्जाचे पैसे, बुडालेली मजुरी, आणि सर्व्हर डाऊन असेल तर पुन्हा उद्या. घरी नेट नसणे स्वस्त नाही. त्याची किंमत वेगळ्या खात्यात पडते आणि ती बाईच्या आणि मुलांच्या खात्यात पडते.

या गरजेला वेग किती लागतो? अर्ज भरायला जवळजवळ काहीच नाही. एका मुलाच्या व्हिडिओ तासाला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. घरात दोन-तीन मुले असली तरी दहा एमबीपीएस सलग मिळाले तर कुणाचे अडत नाही. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. आमच्याकडे वायर माडा-पोफळींच्या वाड्यांमधून आणि विजेच्या खांबांवरून लोंबकळत येते. पहिल्या पावसात झावळी पडली की लाईन गेली. वीज गेली की राउटर गेला. अशा ठिकाणी पन्नासचे शंभर केले तरी बंद लाईनीचा वेग शून्यच असतो. जाहिरातीतल्या वेगाच्या आधी 'पर्यंत' हा शब्द लावलेला असतो. त्या शब्दात शून्यही बसतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. पोफळीच्या बागा झोपल्या, घरांवरची कौले-पत्रे उडाले, खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर मुके झाले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. त्याच जून महिन्यात राज्याने शाळेचे वर्ष ऑनलाइन सुरू केले. मुंबई-पुण्यात कुणाची स्क्रीन अडकते यावर चर्चा चालू होती तेव्हा आमच्या मुलांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. त्या वर्षाचा अनुशेष कुणी भरून दिला? आजही सेवेच्या दर्जाचे जे नियम ट्रायने २०२४ मध्ये केले, त्यात लांबलेल्या खंडाबद्दल ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे, पण नैसर्गिक आपत्तीतला खंड मोजणीतून वगळला आहे. वादळाच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला हा नियम कोरडाच राहतो.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. गावागावात फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. उद्दिष्ट होते अडीच लाख ग्रामपंचायतींचे. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेला १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. पण फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोचले की कागदावर गाव जोडले गेले असे धरले जाते. ग्रामपंचायत कुठे असते? गावठाणात. बौद्धवाडी कुठे असते? गावठाणाच्या बाहेर. कातकऱ्यांची वाडी कुठे असते? त्याच्याही पलीकडे, डोंगराच्या उताराला. मधले अर्धा-एक किलोमीटर अंतर कुणी मोजत नाही. खाजगी लाईनवाल्याला विचारले की तो म्हणतो, तिकडे खांब नाहीत, घरे कमी, परवडत नाही, टेक्निकली जमत नाही.

हे अंतर निसर्गाने ठेवलेले नाही. जातीने ठेवले आहे. गावाने आमच्या पूर्वजांना सावली पडू नये एवढ्या लांब बसवले आणि आज त्याच अंतराचे भाडे वायरच्या मीटरवर आमच्याकडून मागितले जाते. पूर्वी अस्पृश्य म्हणत, आता टेक्निकली जमत नाही म्हणतात. लाईनवाला पोरगा जातीयवादी असेलच असे नाही, तो हिशेब करतो. पण तो जो हिशेब करतो त्याची पहिली ओळ जातीने लिहून ठेवलेली आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या महाडने हा धडा शंभर वर्षांपूर्वी दिला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या लोकांना घेऊन तळ्यात उतरले तेव्हा कळले की ठराव आणि ओंजळ यांत किती अंतर असते. त्यानंतरही हा खटला उच्च न्यायालयात जिंकायला १९३७ उजाडले. पाणी आणि इंटरनेट एकच आहेत असा भोळा दावा आम्ही करत नाही. पण सार्वजनिक पैशाने उभी केलेली गोष्ट वस्तीच्या वेशीवर कशी थांबते, हे आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको.

पैसा सार्वजनिक आहे म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो ते सांगतो. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम खेड्यापाड्यांत सेवा पोचवण्यासाठीच्या निधीत जाते. २००२ पासून हा निधी आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. कंपनी ही रक्कम खिशातून देत नाही, ती आपल्या रिचार्जमधूनच येते. म्हणजे बौद्धवाडीतल्या म्हातारीने आपल्या साध्या मोबाइलमध्ये जो रिचार्ज मारला, त्यातून तिने वाडीला वायर आणायचे पैसे भरलेले आहेत. वायर मात्र आलेली नाही.

आमच्यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, मोबाइलचा डेटा जगात सगळ्यात स्वस्तांपैकी आहे, मग घरच्या लाईनीचे रडगाणे कशाला? मोबाइल घरात एक असतो. तो बापाबरोबर जीवना बंदरावर जातो किंवा मुंबईला जातो. मागे राहिलेल्या तीन मुलांनी काय करायचे? आणि स्वस्त म्हणता तर जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले. जिओचा २३९ चा प्लॅन २९९ झाला. एकाने वाढवले म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल, अशी सोयच ठेवली नाही.

दुसरा आक्षेप बाजारवाल्यांचा. स्पर्धा दर खाली आणते, सरकारने मध्ये पडू नये. बहुतेक दर ठरवणे ट्रायने कंपन्यांवरच सोडले आहे. पण स्पर्धेला दोन तरी लागतात. अंधेरीतल्या इमारतीत चार कंपन्यांच्या वायरी येतात, आमच्याकडे कित्येक गावांत एकच येते. कोकणातल्या माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटायला हवी. सरकार आणि कुळ यांच्यामध्ये बसून खोत मन मानेल तेवढे वसूल करी, कारण कुळाला दुसरा खोत नव्हता. ती पद्धत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ मध्ये विधिमंडळात विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. एकच वायर असलेल्या गावात वायरवाला खोत होतो. मग त्याला बाजार म्हणून नमस्कार करायचे कारण नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो. पोरे रील बघतात, नेट घेऊन कुठे दिवा लावणार आहेत? बघतात. तीनशे एमबीपीएसवालाही बघतो, त्याला कुणी हिशेब विचारत नाही. गरिबाला काही द्यायचे म्हटले की त्याने ते कसे वापरावे याची परीक्षा आधी घ्यायची, ही जुनी खोड आहे. आमच्या शाळाप्रवेशाच्या वेळीही हाच प्रश्न विचारला गेला होता.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या नियोजनाच्या समितीसमोर बोलले. वीज स्वस्त आणि मुबलक कशी होईल, ती खाजगी असावी की सरकारी, हे प्रश्न त्यांनी मांडले आणि हे सगळे कशासाठी, तर गरिबीच्या फेऱ्यातून माणसाला सोडवण्यासाठी, हा हेतू समोर ठेवला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी घटनात्मक तरतूदच सुचवली. ज्याच्यावाचून शिक्षण, नोकरी आणि हक्क अडतात तो उद्योग मूलभूत. आज इंटरनेट त्यात बसते की नाही, हे आंबेडकरी चळवळीने ठरवायला हवे. स्मारकांच्या उंचीवर जितकी चर्चा होते त्याच्या निम्मी यावर व्हावी.

अशक्य काही नाही. केरळ सरकारने स्वतःचे केफोन हे फायबर जाळे उभे केले, जून २०२३ मध्ये ते सुरू केले, दारिद्र्यरेषेखालच्या २० लाख कुटुंबांना मोफत जोडणीचे उद्दिष्ट ठेवले आणि विकतचा सगळ्यात लहान प्लॅन २९९ रुपयांचा, २० एमबीपीएसचा ठेवला. त्याचे काम हळू चालले आहे अशी टीका होते, ती करावीच. पण तिथे निदान सरकारला जाब विचारता येतो. त्याच केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला.

आमच्या मागण्या पाच आहेत. एक, प्रत्येक कंपनीने दहा एमबीपीएसचा पायाभूत घरगुती प्लॅन कायम ठेवावा, त्याचा कमाल दर ट्रायने ठरवावा, आणि ग्राहकाच्या स्पष्ट होकाराशिवाय कुणाचाही प्लॅन बदलू नये. दोन, या पायाभूत प्लॅनवर जीएसटी शून्य करावा. तीन, भारतनेटची जोडणी पंचायतीच्या कपाटात मोजू नये, वाडी-वस्तीच्या शेवटच्या घरापाशी मोजावी, आणि सुरुवात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांपासून करावी. चार, वादळातल्या बंद काळाचे भाडे माफ व्हावे. पाच, ज्या तालुक्यात सेवा बंद असेल तिथे शिष्यवृत्ती आणि ई-केवायसीची मुदत आपोआप वाढावी.

मागण्या होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. लाईन बंद पडली की फोनवर बोलून सोडू नका, तक्रार क्रमांक घ्या, तारीख लिहा. तीन दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर भाड्यातून सूट मागा. कंपनी दाद देत नसेल तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्यांनी लाईन काढली त्यांनी ती का काढली हे लेखी द्या, गप्प राहून जाऊ नका. आणि पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: पंचायतीत आलेले फायबर आमच्या वाडीत कोणत्या तारखेला येणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. महाडलाही आधी ठरावच झाला होता. तो अंमलात आणायला माणसे चालत गेली.

जय भीम.